उलट्या हाताचं चाक

तर काल आपण चंद्रभानला पान्यावर उभं करून ठेवलं आणि जेवायची हाक आली म्हणून उठून गेलो. बिचारा अजून तिथंच उभा असेल. आधी त्याला खाली उतरवू, मग पुढचं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन शब्द. चुडाव्याच्या टेसनावर उतरलं, की काळ्या रानातनं एक वाट फुटायची आणि ओढ्यावरची फरशी ओलांडली की एक गाव लागायचं. त्या गावात व्यंकटराव म्हणून एक तालेवार शेतकरी. त्यांनी हैदराबादेत कुणा नवाबाच्या हर्रासात एक जुनी विलायती मोटार घेतली. मोटार कसली, चार माणसं बसली की पाचव्याला पाय बाहेर काढावे लागायचे. गावानं तिचं नाव ठेवलं डबी. डबी चालवायला चंद्रभान. हा आधी व्यंकटरावांचे बैल हाकायचा. त्यामुळं ब्रेक दाबताना तोंडानं "हो, हो" म्हणायची सवय त्याची शेवटपर्यंत गेली नाही.

आणि डबी दुरुस्त करायला लिंबाजी मिस्त्री. ही गोष्ट त्याचीच. लिंबाजी गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली चार पत्र्यांचं शेड टाकून बसायचा. हैदराबादेत एका उस्तादाच्या हाताखाली शिकून आलेला. इंजिन, मोट, पाण्याचा पंप, जे येईल ते करायचा. पण त्याचा जीव चाकांत. चाक बसवून झालं की छोट्या हातोडीनं एकेका नटावर टिचकी मारायचा आणि कान लावायचा. आवळलेला नट टणकन बोलतो, ढिला नट घोगरा बोलतो. चंद्रभान म्हणायचा, "लिंब्या, दवाखान्यात बस, लोकांच्या छात्या ऐक. हितं कुठं वाया चाललास?"

तर चंद्रभानच्या नोकरीतलं ते पहिलं पंक्चर. पुढचं डावं चाक. त्यानं पाना लावला, जोर केला. नट हलेना. पान्यावर पाय दिला. हलेना. मग दोन्ही पायांनी पान्यावर चढला आणि डबीचं छत धरून उड्या मारायला लागला. माणसं जमली. कुणी म्हणे गंजलाय, कुणी म्हणे घासलेट टाक, कुणी म्हणे नारळ फोड. लिंबाजी आपल्या शेडच्या दारात उकिडवा बसून सुपारी चघळत सगळं बघत होता.

"लिंब्या, हसायलायस काय? ये की!"

"येतो. पर आधी एक सांग, नट सोडवायलायस का आवळायलायस?"

"सोडवायलोय! तुला दिसंना का?"

"मंग उतर खाली. तू मघापासून आवळायलायस."

आता उतरला चंद्रभान. लिंबाजीनं पाना उलट्या अंगाला लावला, वर एक लोखंडी नळी चढवली, कारण चंद्रभाननं उड्या मारून मारून नटाचा जीव घेतला होता, आणि कर्रकन नट सुटला. माणसांनी तोंडात बोटं घातली. गुपित एवढंच होतं, की त्या विलायती गाडीच्या डाव्या दोन्ही चाकांच्या नटांचे आटे, म्हणजे आतल्या गोल फिरत्या खाचा, उलटे पाडलेले होते. डावं चाक पुढं पळताना आपल्या नटांना सोडवायला बघतं, म्हणून त्या कारखान्यातल्या कुणा शहाण्यानं तिकडच्या नटांची दिशाच बदलून टाकली. जग ज्या अंगानं नट आवळतं, त्या अंगानं ते सुटायचे.

लिंबाजीनं चंद्रभानला तिथल्या तिथं पाठ करायला लावलं. "उलट्या हाताची चाकं उलटी, सुलट्या हाताची सुलटी. म्हण."

लिंबाजी डावा-उजवा कधी म्हणायचा नाही. उस्ताद म्हणायचा उल्टा हाथ, सीधा हाथ. तेच याच्या जिभेवर बसलं. उलटा हात म्हणजे डावा. शेडमध्ये येणाऱ्याजाणाऱ्यांना ते माहीत होतं. पण ती भाषा शेडपुरती. घराघरांत, बायकामाणसांत, डावा तो डावाच.

त्या दिवसापासून दोघांचं गूळपीठ जमलं. आता त्या काळात कुणब्याच्या पोरानं रोज वस्तीच्या तोंडाशी जाऊन बसायचं म्हणजे गावात कुजबूज व्हायचीच. चंद्रभानची बायको बायनाबाई. तोंडानं फटकळ, मनानं तूप. पण चालत आलेलं चालवणारी. लिंबाजी घरी आला की त्याच्यासाठी कोनाड्यातला कान तुटलेला कप निघायचा. लिंबाजी चहा घ्यायचा, कप विसळायचा, पालथा घालून ठेवायचा. एक दिवस चहा आला, तर चंद्रभाननं हात पुढं करून तो कान तुटलेला कप स्वतः उचलला आणि आपली कपबशी लिंबाजीसमोर सरकवली. त्यातनं फुर्रकन चहा प्यायला, आणि म्हणाला, "ह्या कपात गोड लागायलाय की! मला रोज ह्याच्यातच देत जा."

बायनाबाई लाल झाली. मग पदरात तोंड घालून हसली. दुसऱ्या दिवसापासून तो कप मीठ मोजायला गेला. तेव्हापासून ती लिंबाजीला मिस्तरी म्हणायची आणि तो तिला वैनी.

अशी बरीच वर्षं गेली. डबी म्हातारी झाली. चाक ज्या आट्यांच्या खुंट्यांवर बसतं, मिस्त्री लोक त्यांना स्टड म्हणतात, त्यांचे आटे झिजतात. पुढच्या डाव्या चाकाचे स्टड असे झिजले की नट जागेवर फिरायला लागला. लिंबाजीनं नांदेड पालथं घातलं. उस्तादाला हैदराबादेत निरोप धाडला. उलट्या आट्यांचे स्टड कुठंच मिळेनात. ती गाडी बनायचीच बंद झाली होती. शेवटी दुसऱ्या एका गाडीचे, त्याच जाडीचे, सुलट्या आट्यांचे स्टड मिळाले. मागचं डावं चाक धड होतं, ते उलटंच राहिलं. पुढचं मात्र सुलटं करायचं ठरलं.

चंद्रभान सकाळी डबी शेडवर लावून व्यंकटरावांच्या बैलगाडीनं दळण घेऊन गेला. लिंबाजीनं चाक उतरवलं, जुने स्टड पितळी हातोडीनं ठोकून मागं काढले, नवे घातले, आणि नट आवळून आवळून एकेक जागेवर ओढून बसवला. चाक चढवलं. एक नट हा, दुसरा त्याच्या समोरचा, असं करत आवळलं. हातोडीनं टिचकी मारली. सगळे टणकन बोलले.

पण नव्या स्टडाचं एक असतं. तो आज बसला असं वाटतं, गाडी चार-दोन कोस पळाली की आणखी आत बसतो आणि नट तेवढा सैल होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळायचं. लिंबाजी त्याला दुसरी आवळणी म्हणायचा. ती केल्याशिवाय तो कुणाचं काम झालं म्हणायचा नाही.

दिवस कलताना चंद्रभान डबी न्यायला आला.

"झालं का रं?"

"अर्धं झालं. उद्या आण, दुसरी आवळणी हाय. अन् उद्या पाना तूच धरायचास."

"का? तुझे हात काय झिजले?"

"धर म्हणलं तर धरायचं. मजा हाय."

"कसली मजा? आत्ताच सांग की."

"उद्या."

हीच ती मजा. लिंबाजीनं आटे सुलटे केल्याचं सांगितलंच नाही. त्याच्या मनात होतं, उद्या चार माणसं जमवायची, चंद्रभानच्या हातात पाना द्यायचा, तो हुशारीनं "उलट्या हाताची चाकं उलटी" म्हणत उलटा जोर करणार, आणि आपण दारात उकिडवं बसून विचारायचं, सोडवायलायस का आवळायलायस? जेवताना त्याला आठवून आठवून ठसका लागला. सरजाबाई, त्याची बायको, भाकरी थापता थापता म्हणाली, "एकल्यानंच काय हसायलाय? याड लागलं का?"

"उद्या बघ. चंदरभानला पुन्हा नाचवतो."

तो उद्या आला नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला ते साल. रेडिओवर ऐकलं तेव्हा वस्तीत कुणी साखर वाटली होती. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात गावोगाव काय पेटलं ते सांगायला नको. या गावातही त्याच 'उद्या'च्या दुपारी घोषणा देत माणसं आली. परकी असती तर बरं झालं असतं. त्यांतल्या कितींच्या मोटा लिंबाजीनं दुरुस्त केल्या होत्या. वस्तीची घरं गेली, लिंबाचं झाड अर्धं करपलं, शेडचे पत्रे वाकडे होऊन पडले. माणसं जी वाट सापडेल तिनं रानात शिरली. लिंबाजी आणि सरजाबाई ज्वारीतनं चुडाव्याच्या टेसनावर आले आणि पूर्णेच्या गाडीची वाट बघत फलाटाच्या टोकाला बसले. पूर्णेत सरजाबाईचा भाऊ रेल्वेत कामाला होता.

सकाळी उन्हं वर आल्यावर रुळाच्या कडेकडेनं एक बाई येताना दिसली. डोईवरून पदर, काखेत गठुडं. बायनाबाई. त्या दिवशी त्या वाटेनं एकटीनं येणं सोपं नव्हतं.

तिनं भाकरी आणि ठेचा पुढं केला. "ह्यांनी धाडलं. मालक ह्यांना गोठ्यातनं हलू देईनात, मोटारीला राखण बशिवलंय. काल भांडले हे मालकासंगं. लय बोलले." मग सरजाबाईजवळ बसली आणि भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला.

तेवढ्यात लांब शिट्टी झाली. लिंबाजीला एकदम चाक आठवलं. उठलाच तो.

"वैनी, चंदरभानला एक निरोप सांगा. इसरू नका. उलट्या हाताचं फुडचं चाक आता सुलट आवळायचं. उलट न्हाई. दुसरी आवळणी राहिलीय, ती त्यानंच करावी, गाडी काढायच्या आधी."

"काय म्हणलाव? उलट...?"

"उलट्या हाताचं. सुलट आवळायचं."

इंजिन धापा टाकत आलं. वाफ, धूर, माणसांची पळापळ. बायनाबाईनं मान हलवली. गाडी सुटली तेव्हा ती फलाटावर उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. निरोप विसरू नये म्हणून पाठ करत असावी.

त्याच आठवड्यात व्यंकटरावांना टेसनावरून आणायला चंद्रभान डबी घेऊन निघाला. ओढ्याच्या उतारावर पुढचं डावं चाक सुटून गाडीच्या पुढं पळालं. डबी फरशीवरून खाली गेली. माणसं पोचली तोवर चंद्रभान गेला होता.

पूर्णेत हे एका हमालानं सांगितलं. लिंबाजी रूळ धरून तसाच चालत निघाला. सरजाबाईनं अडवलं, "गावात पाय ठिवलाव तर जित्तं सोडतेल का?" तो थांबला नाही.

डबी ओढ्यात तशीच आडवी पडली होती. लिंबाजी चिखलात उतरला. स्टड तुटले असावेत, आपण घातलेलं लोखंडच कच्चं निघालं असावं, या भीतीनं त्यानं हात फिरवला. स्टड सगळे जागेवर. एकही तुटला नव्हता. चाक पलीकडं बाभळीत अडकलेलं, त्याची टोपी, म्हणजे चाकावरचं पत्र्याचं झाकण, तशीच घट्ट. टोपी काढली तर आतले नट खुळखुळ करत बाहेर आले. चालता चालता एकेक सुटून टोपीत जमत गेला होता. लिंबाजीनं एक नट धोतराला पुसला आणि उन्हात धरला.

नटाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. लिंबाजीच्या आवळणीचे ओरखडे एका अंगाला, आणि त्यांच्यावरून दुसऱ्या अंगाला, कुणीतरी पायाचा जोर देऊन केलेले, नवे कोरे. प्रत्येक नटावर तेच. म्हणजे दुसरी आवळणी झाली होती. चंद्रभाननं ती मनापासून केली होती, प्रत्येक नटाला एकेक पाय दाबून. उलटी. नट कर्रकन सरकला असेल, त्याला वाटलं असेल बसला. त्याला तर उलटंच ठाऊक होतं आणि निरोपही तसाच उलटा पोचला असणार, मग शंका कुठून यावी?

लिंबाजी चिखलातच खाली बसला. त्याला ती मजा आठवली. उद्या पुन्हा नाचवतो.

नट मुठीत घेऊन तो वर रस्त्यावर आला, तर समोरून गावची माणसं. तिसऱ्या दिवसाची राख सावडून ओढ्यावर आलेली. मध्ये बायनाबाई. तिनं त्याला बघितलं आणि किंचाळली, "ह्योच! ह्यानंच ढिलं ठिवलं! घरं जाळली म्हनून माझ्या मानसावर राग काढला! त्यानं तुझं काय घेतलं व्हतं रं? त्यानं तुझं काय घेतलं व्हतं?"

लिंबाजीनं मूठ पुढं केली. उघडायचीच होती. नट दाखवायचा, ओरखडा दाखवायचा, म्हणायचं की आवळणी झाली होती पण उलटी झाली. आणि मग कुणीतरी विचारणार, उलटी का केली? त्याला कुणी सांगितलं? निरोप कुणाच्या तोंडून गेला? जगात तो निरोप एकाच तोंडातून गेला होता, आणि ते तोंड आत्ता समोर उघडं होतं.

मूठ तशीच मिटून त्यानं खाली घेतली. एक दगड येऊन खांद्याला लागला. कुणीतरी म्हातारं माणूस मध्ये पडलं आणि म्हणालं, "जा बाबा, जा तू." लिंबाजी गेला.

त्यानंतर लिंबाजी मिस्त्री हा माणूस संपला म्हणा. पूर्णेत रेल्वे फाटकाजवळ त्यानं सायकलचं दुकान टाकलं. पंक्चर काढायचं, हवा भरायची, तारा बसवायच्या. मोटारीच्या चाकाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. आंबेसडरवाले यायचे, काकुळतीला यायचे, "मिस्तरी, नुसतं चाक बदलून द्या, लेकराला दवाखान्यात न्यायचंय." तेव्हा हा पाना काढून देणार, शेजारच्या चहावाल्याला उठवणार, स्वतः बाजूला उभं राहून तोंडानं सांगणार, पण हात मागं बांधलेले. आणि सांगताना म्हणायचा, "डावं. डाव्या बाजूचं." उलटा हात हा शब्द त्यानं ओढ्यावरच टाकून दिला होता. एकदा उस्तादाचा कुणी जुना शागीर्द भेटला, तो ऐकून हसला, "क्या रे लिंबाजी, बडा मराठी हो गया तू!" लिंबाजीही हसला. हसणं त्याला चांगलं जमायचं. त्यामुळं कितीकांना त्याच्यात काही बिघडलंय हे कधी कळलंच नाही.

गावाकडची बातमी मात्र पूर्णेपर्यंत यायची. लिंब्यानं मोटार पाडली. मीठ खाल्लं त्याच्यावर उलटला. सरजाबाई बाजारात गेली की कुणीतरी कानावर घालायचं. वस्तीतलेही काही, जे परत जाऊन घरं बांधून राहिले होते, ते म्हणायचे, "तुझ्यापायी आमाला अजून ऐकावं लागतंय."

सरजाबाई भांडायची. नट तिनं शिंक्यावरच्या डब्यात ठेवलेला. "हे घ्या अन् जावा. पंचायतीफुडं टाका. तुमी सुलट म्हणलाव, माझ्या कानानं ऐकलंय मी. शपथ घेते."

"अन् काय व्हईल?"

"तुमचं नाव धुऊन निघंल!"

"अन् तिचं?"

"तिचं काय? ती काय देव हाय? भर रस्त्यात तुमाला खुनी म्हणली ती!"

"भाकरी घिऊन आलती," लिंबाजी म्हणायचा. "त्या दिशी कुणीच आलं न्हाई सरजे. ती आली."

यावर सरजाबाई डबा पुन्हा शिंक्यावर ठेवायची. तिनंही ती भाकरी खाल्ली होती. पण दर दसऱ्याला डबा घासताना ती नट बाहेर काढायची, चिंचेनं चकचकीत करायची आणि नवऱ्याच्या समोर आपटून पुन्हा आत ठेवायची.

असं करत करत केस पांढरे झाले. मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या, माणसं गेली, आणि शेवटी संक्रांतीच्या दिवशी बातमी आली की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. पूर्णेत रात्री दिवाळी झाली. लिंबाजीच्या दुकानावर कुणी निळा झेंडा लावला, कुणी पेढा दिला. त्यानं पेढा कपाळाला लावून खाल्ला. सरजाबाई म्हणाली, "मिळालं बघा एकदाचं." तो म्हणाला, "व्हय," आणि झेंड्याची काठी जरा तिरकी होती ती सरळ केली.

त्याच महिन्यात, भर दुपारी, पॅसेंजर गेल्यावर फाटक उघडलं आणि एक म्हातारी काठी टेकत दुकानासमोर येऊन उभी राहिली. लिंबाजी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. त्यानं वर बघितलं आणि ट्यूब हातातच राहिली.

"मिस्तरी," बायनाबाई म्हणाली, "वळखलंव का?"

सरजाबाई आतून आली. तीही दारात थबकली. मग तिनं स्टूल पुढं केलं. आता म्हणाल, शिव्या द्यायला हव्या होत्या. द्यायच्या ठरवल्याही असतील तिनं इतकी वर्षं. पण म्हातारी भर उन्हात काठी टेकत एवढ्या लांब आली होती.

बायनाबाई बसली. धाप जाईपर्यंत थांबली. "पोरानं टॅक्टर घेतलाय," म्हणाली. "परवा त्याचं चाक निघालं. नांदेडचा एक मुसलमान मिस्तरी आणला. भला मानूस. मी ओट्यावर बसलेली. तो माझ्या पोराला म्हणाला, उलट्या हाताचं चाक हाय बघा, त्याला जॅक लावा. मी म्हणलं, बाबा, उलट्या हाताचं म्हणजी काय? तर तो हसला. म्हणाला, अम्मा, उलटा हात म्हणजी डावा."

लिंबाजी पाण्याकडं बघत होता. ट्यूबमधून बुडबुडे निघतच होते.

"मला ठावंच नव्हतं वो. मला वाटलं व्हतं, उलट्या हातानं आवळायचं. सारी वाट म्हणत गेले, उलट्या हाताचं, उलट्या हाताचं. अन् फुडचं तुमी काय म्हणलाव ते... गाडी आलती, शिट्टी झालती... मी ह्यांना जाऊन सांगितलं, मिस्तरी म्हणलाय उलट आवळ. हे म्हणले, ठावं हाय की मला, उलट्याचं उलटंच, निरोप कशाला धाडला. हसले. पाना घिऊन गेले."

बायनाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्या दिसापास्नं मी तुमाला पापी म्हणत आले. गावाला म्हणायला लावलं. परवापास्नं मला भाकर जायना झालीय. आता एकच सांगा. तुमी त्या दिशी फलाटावर काय म्हणलाव? उलट आवळ म्हणलाव का सुलट आवळ म्हणलाव? सुलट म्हणलाव असलाव, तर मी गावाफुडं उभी राहून सांगते की लिंबाजीनं काई केलं न्हाई. माझ्या तोंडानं माझा मानूस गेला. तुमचं नाव मी धुऊन देते. पर खरं सांगा."

सरजाबाई आत गेली होती. ती परत आली आणि तिनं तो नट लिंबाजीच्या शेजारी फळीवर ठेवला. ठेवला नव्हे, टेकवला, हळूच. घासून घासून चांदीसारखा झालेला. नवऱ्याकडं बघितलं.

लिंबाजीनं नट उचलला. बोटांत फिरवला. इतक्या घासण्यानं ओरखडे आता दिसतही नव्हते. पण अंगठा बरोबर त्या कोपऱ्यावर गेला. मग समोरच्या म्हातारीकडं बघितलं. तिच्या मांडीवरचे दोन्ही हात उताणे पडले होते, काहीतरी घ्यायला आल्यासारखे.

त्यानं नट घमेल्यात सोडला. गढूळ पाण्यात तो तळाला गेला आणि दिसेनासा झाला. सरजाबाईनं तोंड फिरवलं आणि डोळ्याला पदर लावला. लिंबाजीनं ओले हात पुसले, आणि त्या जुन्या मिस्त्रीच्या आवाजात, काम झाल्यावर गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं:

"उलटच म्हणलो होतो वैनी. तुमी जसं ऐकलं तसंच पोचवलं, अन् चंदरभाननं जसं ऐकलं तसंच आवळलं. आटे मी बदलले, सांगायचं मीच उद्यावर ठिवलं, अन् गडबडीत जीभबी माझीच उलटी पडली. तुमच्याकडं त्यातलं काईच न्हाई. बसा, च्या घिऊन जावा."